व्हॅम्पायरांच्या राज्यात माणूस कोण? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न कोल्हापुरातल्या भयकथा वाचणाऱ्या मंडळींचे आहेत. काही कॉलेजच्या पोरांनी विचारले, काही वाचनालयाच्या जुन्या सभासदांनी, आणि एक आमच्या आईनं. उत्तरं माझी आहेत. पटली नाहीत तर भांडायला मोकळे आहात, भांडण आपल्याकडं तसंही फुकट मिळतं.

व्हॅम्पायर नसतातच. मग त्यांची नीती तपासत बसायचा उद्योग कशाला?

नसतात म्हणून तर बरं पडतं. खऱ्या सावकाराचा विषय निघाला की कुणाचा तरी मामा आडवा येतो, कुणाचा तरी पक्ष दुखावतो. व्हॅम्पायरचा पाहुणा बैठकीत बसलेला नसतो, त्यामुळं माणसं मोकळं बोलतात. कार्ल मार्क्सनं १८६७ साली भांडवलावर लिहिताना हीच प्रतिमा वापरली होती : भांडवल म्हणजे मेलेलं श्रम, आणि ते व्हॅम्पायरसारखं जिवंत श्रम शोषूनच जगतं. दुसऱ्याच्या अंगातून काढून घेतल्याशिवाय ज्याचं चालत नाही, त्यानं कसं वागावं, एवढाच हा प्रश्न आहे. दात लांब आहेत की आखूड, याला फार महत्त्व नाही.

एकटा व्हॅम्पायर आणि व्हॅम्पायरांचा समाज यांत फरक काय?

फार मोठा. १७२५ ते १७३२ या काळात सर्बियातल्या खेड्यांमधून ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी जी प्रकरणं कागदावर नोंदवली, त्यातला व्हॅम्पायर म्हणजे मेलेला साधा शेतकरी. तो आपल्याच घरच्यांना आणि शेजाऱ्यांना छळतो. त्याला ना राजा, ना कायदा, ना बिरादरी. प्रेतं उकरून जाळण्याचा प्रकार इतका वाढला की १७५५ साली मारिया थेरेसा राणीला त्यावर बंदी घालावी लागली. पुढं १८९७ साली ब्रॅम स्टोकरनं आपल्या कादंबरीत ड्रॅक्युला आणला. तो सरदार आहे, गढी आहे, पण तोही तसा एकांडाच.

दरबार, घराणी, न्यायसभा, हद्दी, हे सगळं मुख्यतः विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं काम. आणि तिथं प्रश्न बदलतो. एकट्याबद्दल आपण विचारतो, हा दुष्ट आहे का? समाजाबद्दल विचारावं लागतं, हे सगळं कुणाच्या जिवावर चाललंय, आणि त्या माणसाला 'नाही' म्हणता येतं का? मला विचाराल तर ही दुसरी चौकशी सोडून बाकी सगळं सजावट आहे. झुंबरं, मखमल, जुनी दारू, तीनशे वर्षांचं दुःख, सगळं.

आपण रक्ती मुंडी चापून खातो. मग त्यानं आपलं रक्त प्यायलं तर बिघडलं कुठं?

हा आमच्या आईचा प्रश्न. तोही चुलीपुढं, तव्यात गोठलेल्या रक्ताचे तुकडे कांदा-मिरचीवर परतत असताना. ती उलथन्यानं तुकडे मोडत होती, तपकिरी रंग काळपट होत चालला होता, आणि मी नीतिशास्त्रावर बोलत होतो. उत्तर पटकन सुचलं नाही.

'बोकड आपल्यापेक्षा खालचा' हे उत्तर देऊन भागत नाही, कारण व्हॅम्पायर आपल्याबद्दल नेमकं तेच म्हणतो. मी जास्त जगतो, जास्त बळकट आहे, जास्त भाषा येतात, म्हणून तू माझं जेवण. हा मुद्दा मान्य केला तर आपलीच मान पुढं केल्यासारखं आहे.

पण एक गोष्ट बोकडाच्या बाबतीत नाही आणि व्हॅम्पायरच्या बाबतीत आहे : तो काल माणूस होता. बहुतेक कथांमध्ये त्याला आपली आई आठवते, गाव आठवतं, मरणाची भीती आठवते. तो माणसाशी गप्पा मारतो, त्याच्या प्रेमात पडतो, त्याच्याकडून जमिनीचे कागद करून घेतो. ज्याच्याशी करार करता येतो त्याला जनावर म्हणता येत नाही. वकील माणूस, गायिका माणूस आणि कोठारात टांगलेलाही माणूसच, असं ज्या राज्यात असतं तिथं राज्यकर्त्यांना सगळं नीट कळत असतं. कळून करतात. या उत्तरानं कुणी मटण सोडलं तर माझी हरकत नाही. रविवारी मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत मी मात्र दिसेन.

मारायचं नाही, थोडं थोडं प्यायचं. हिशोब बसतो का?

बसतो, पण महाग पडतो. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. रक्तदान शिबिरात एका वेळी ३५० मिलिलिटर घेतात, वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० सुद्धा. पुरुषानं दोन वेळांमध्ये तीन महिने थांबायचं, बाईनं चार. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा.

आता समजा एका व्हॅम्पायरला रोज एक पिशवी लागते. वर्षाच्या ३६५ पिशव्या. वर्षाला चारदा देणारे पुरुष धरले तर ९२ लागतील, तीनदा देणाऱ्या बायका धरल्या तर १२२. म्हणजे एका तोंडामागं ढोबळमानानं शंभर माणसं, तीही धडधाकट. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. लहान पोरं, म्हातारी, अशक्त, सगळ्यांना ओढून रांगेत उभं केलं तरी साडेपाच हजार व्हॅम्पायरांच्या वर हे शहर कुणाला पोसू शकत नाही. नियम पाळले तर त्याहून बरेच कमी.

या आकड्यातून बरंच काही निघतं. सभ्य व्हॅम्पायर समाजाला माणसांची नोंदवही लागणार, कुणी कधी दिलं याची तारीख लागणार, आजारी माणसाला सुट्टी द्यावी लागणार. ज्या कादंबरीत हजारो व्हॅम्पायर एका शहरात ऐटीत राहतात आणि या वह्यांचा पत्ता नसतो, तिथं लेखकानं प्रेतं कुठंतरी लपवली आहेत असं खुशाल समजावं.

गोठ्यात नीट ठेवलं, खाऊपिऊ घातलं, औषधपाणी केलं, तर?

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर कधी गेला असाल तर ही गोष्ट डोळ्यांपुढं येईल. म्हैस रस्त्याकडेला उभी असते, अंग चकचकीत धुतलेलं, शिंगांना तेल. गवळी खाली बसतो, धार थेट पेल्यात येते, फेस वर चढतो, आणि गिऱ्हाईक तो कोमट पेला उभ्याउभ्याच तोंडाला लावतं. म्हशीला कुणी मारत नाही. गवळी तिला पोरीसारखं जपतो, हेही खोटं नाही.

'दयाळू' व्हॅम्पायर राज्याचा दावा हाच असतो. आम्ही कसाई नाही, आम्ही गवळी. पण आटली की काय होतं, हे म्हशीला कुणी विचारत नाही. आपल्या जिल्ह्यातल्या दूध संघात फॅटवर दर ठरतो, सभासदाला मत असतं, दिवाळीला फरक मिळतो. हे सगळं म्हशीच्या मालकाला. कथेतला धूर्त व्हॅम्पायर माणसाला सांगतो, 'तू आमचा सभासद आहेस.' माणूस खूश होतो. वार्षिक सभेला गेल्यावर कळतं की आपलं नाव सभासदांच्या यादीत नाहीच, जनावरांच्या यादीत आहे.

२००९ च्या 'डेब्रेकर्स' या चित्रपटात ही व्यवस्था शेवटाला गेलेली दिसते. जग व्हॅम्पायरांचं झालंय, उरलीसुरली माणसं यंत्रांना जोडून ठेवली आहेत, आणि रक्त संपत आलंय. टंचाई आल्यावर आधी कुणाचे हाल होतात? गरीब व्हॅम्पायरांचे. उपाशी राहून त्यांचं रूप पालटतं आणि त्यांचेच जातभाई त्यांना फरपटत उन्हात नेतात. माणसाला जनावर मानणारी व्यवस्था आपल्यातल्या दुबळ्यालाही सोडत नाही, हे त्या चित्रपटात भाषणाविना कळतं.

माणूस राजीखुशीनं देत असेल तर? मग तर तक्रार नको?

इथं जरा थांबून बघावं लागतं, कारण निम्म्या प्रेमकथा याच दारातून आत येतात.

ड्रॅक्युलात एक नियम आहे : घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा आत येता येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, वा, किती सभ्य. पण त्याच वाक्यात पुढं आहे की एकदा आत आला की नंतर त्याला वाटेल तेव्हा येता येतं. म्हणजे होकार एकदाच मोजायचा, आणि तोही पुसता येत नाही. (हा नियम कोल्हापुरात कुचकामी आहे, हे जाता जाता सांगतो. दारात कुणी उभं दिसलं की आपली काकू 'या की, जेवल्याशिवाय जायचं न्हाई' म्हणते. ड्रॅक्युलाला पेठेत दोन दिवसांत अजीर्ण झालं असतं.)

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या २००५ सालच्या 'फ्लेजलिंग' कादंबरीत हा पेच सगळ्यांत नीट मांडलाय. तिथले व्हॅम्पायर माणसांना मारत नाहीत. प्रत्येकासोबत काही माणसं कुटुंबासारखी राहतात, आयुष्य वाढतं, आजार कमी होतात, प्रेमही मिळतं. पण चाव्यातल्या लाळेचं व्यसन लागतं. काही चाव्यांनंतर माणसाला सोडून जाता येत नाही, आणि आपला व्हॅम्पायर मेला तर त्याच्याही जिवावर बेतू शकतं. त्यांच्यातले भले लोक पहिल्या चाव्यांनंतरच माणसाला थांबवून विचारतात : जायचं तर आत्ता जा. मला हा समाज आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. विचारतात हे खरंच मोठं आहे. पण विचारतात तेव्हा पहिल्या चाव्याचा गोडवा अंगात भिनलेला असतो.

आणि पैसे देऊन घेतलं तर? कष्ट विकतो तसं रक्त विकलं.

खऱ्या जगात आपण या प्रश्नाचा निकाल लावून टाकलाय. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून भारतात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. कारण साधं होतं. रक्त विकायला कोण यायचं? ज्याच्याकडं विकायला दुसरं काही उरलं नाही तो. त्याला आजार लपवावा लागायचा, तीन महिने थांबणं परवडायचं नाही, मधला दलाल गब्बर व्हायचा. व्हॅम्पायर राज्यात रक्ताला दर बांधून दिला तर पहिल्या वर्षी श्रीमंत घरातलं कोण रांगेत आहे ते बघा. कुणी नसेल तर राजीखुशीची गोष्ट तिथंच संपली.

संमोहनानं होकार मिळवला तर?

तो होकार नव्हे. पुढचा प्रश्न.

बाटलीत कृत्रिम रक्त मिळालं तर सगळं मिटेल ना?

२००८ साली सुरू झालेल्या 'ट्रू ब्लड' मालिकेची सुरुवातच इथून आहे : कृत्रिम रक्त दुकानात आलं आणि व्हॅम्पायर उघडपणे समाजात वावरू लागले. तरी बरेच जण गळ्यालाच तोंड लावतात. बाटलीनं फक्त सबब जाते. उपाशी होतो म्हणून प्यायलो, हे म्हणता येत नाही. पर्याय असताना माणूस निवडणाऱ्याला भुकेपेक्षा हुकमत प्यारी असते. कथाकाराला ही बाटली फार उपयोगी आहे, मी तर म्हणेन प्रत्येकानं एकदा वापरून बघावी.

माणसाला व्हॅम्पायर करून घेणं म्हणजे बढतीच की!

ज्यांना करून घेतलं त्यांच्यापुरती. गणित बघा. एका व्हॅम्पायरनं महिन्याला एकाला आपल्यात घेतलं आणि नव्यानंही तेच केलं, तर आकडा दर महिन्याला दुप्पट. बाहेरून एकच व्हॅम्पायर कोल्हापुरात आला तर एकोणिसाव्या महिन्याअखेर ५,२४,२८८ व्हॅम्पायर, आणि त्यांच्यासाठी उरलेली माणसं जेमतेम पंचवीस हजार. विसावा महिना उपासाचा.

म्हणून प्रत्येक टिकाऊ व्हॅम्पायर समाजात बढतीवर बंदी असते. परवाना लागतो, वडीलधाऱ्यांची परवानगी लागते. आणि परवाना आला की उमेदवार आले. व्हॅम्पायरची कामं करणारी, गाडी चालवणारी, प्रेतं हलवणारी माणसं वर्षानुवर्षं राबतात, कारण 'पुढच्या वेळी तुझाच नंबर' असं सांगितलेलं असतं. कायम होण्याच्या आशेवर हंगामी राबणारा माणूस आपल्याला काही नवीन नाही. त्याला चाबूक लागत नाही.

आपापसात तर ते किती जीव लावतात. त्याचं काही मोल नाही का?

खऱ्या रक्तपिऊ वटवाघळांचं उदाहरण घ्या. त्यांच्या जगात तीनच जाती आहेत, तिन्ही अमेरिका खंडांतल्या; आपल्याकडची मोठी वटवाघळं फळं खातात. दोन-तीन रात्री रक्त मिळालं नाही तर हे वटवाघूळ मरतं. म्हणून पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या तोंडातलं रक्त भरवतं, आणि पूर्वी कुणी आपल्याला भरवलं होतं त्याला झुकतं माप देतं. फार देखणी गोष्ट आहे. ज्या गाईचं रक्त प्यायलं तिला त्याचं काही नाही.

गुप्ततेचा कायदा माणसांच्याच भल्यासाठी असतो म्हणतात. खरं का?

१९९१ साली आलेल्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड' या खेळात हा कायदा केंद्रस्थानी आहे : आपण आहोत हे माणसांना कळू द्यायचं नाही. वरवर शांततेसाठी. पण ज्यानं चुकून पाहिलं त्याची आठवण पुसली जाते किंवा तो जिवानिशी जातो. चूक व्हॅम्पायरची, किंमत माणसाची. आणि जो अन्याय झालाय हेच ठाऊक नाही, त्याची फिर्याद कोण करणार? मला तरी चोरून पिणारा समाज उघड जुलमी समाजापेक्षा वाईट वाटतो.

राजा चांगला असला तर?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारायचाच असतो. शाहू महाराजांचं उदाहरण लगेच पुढं येतं, आणि यावंच. पण त्यांनी नेमकं काय केलं ते बघा. वेठ होती, म्हणजे फुकट राबवून घेण्याचा वरच्यांचा हक्क. हजेरी होती, म्हणजे ठरावीक जातींच्या माणसांनी गुन्हा नसतानाही रोज चावडीवर तोंड दाखवायचं. महाराजांनी 'माझे अंमलदार प्रेमानं वेठ घेतील' असं म्हटलं नाही. दोन्ही बंद करून टाकली. १९०२ साली नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी ठेवल्या, म्हणजे ज्यांच्यावर हुकूम चालायचा त्यांना हुकूम लिहिणाऱ्या टेबलाशी बसवलं.

कथेतला भला व्हॅम्पायर राजा सहसा याच्या उलट करतो. रक्ताचा कर कमी करतो, वसुली हळुवार करतो, पोरांना माफी देतो. वसुलीचा हक्क मात्र राहतो. तो मेला किंवा त्याचं डोकं फिरलं की दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत. त्याच्या टेबलाशी माणूस बसलाय का, एवढं बघावं.

झोपलेल्या व्हॅम्पायरच्या छातीत खुंटी ठोकणं नीतीत बसतं का?

१९५४ सालच्या 'आय ॲम लेजंड' कादंबरीनं हा प्रश्न कायमचा अवघड करून ठेवला. शेवटचा उरलेला माणूस दिवसा घरोघर फिरून झोपलेल्यांना मारतो. शेवटी त्याला कळतं की त्यांच्यातल्या काहींनी औषधानं रोग आवाक्यात ठेवलाय, नवा समाज उभा केलाय, आणि त्या समाजाच्या पोराबाळांना ज्याची भीती घालतात तो भुताटकीचा बाप्या म्हणजे आपणच. माझं मत : जो तुमच्यावर धावून येतोय त्याला अडवा, लागलं तर मारा. दात आहेत म्हणून सरसकट मारलंत, तर 'माणूस आहे म्हणून पितो' म्हणणाऱ्याला उत्तर देता येणार नाही.

आपली भुतं यापेक्षा बरी का?

व्यवहाराला बरी. मुंजा पिंपळ सोडत नाही, वेशीबाहेरच्याला नारळ, भात, कोंबडं दिलं की तो वाट सोडतो. हद्द ठरलेली, मागणी ठरलेली, आणि मध्ये बोलणी करणारा कुणीतरी असतो. नैवेद्यावर भागवून घेणारा व्हॅम्पायर माझ्या वाचनात अजून आलेला नाही. कुणी लिहिला तर वाचायला आवडेल.

माणसांच्या हातात खरंच काही असतं का, की नुसतं सोसायचं?

दिवस असतो. मूळ ड्रॅक्युला दिवसा फिरू शकतो, फक्त शक्ती कमी होते. उन्हानं मरण हे १९२२ च्या 'नोस्फेराटू' या मूकपटापासून रूढ झालं. त्यानंतरच्या बहुतेक कथांमध्ये व्हॅम्पायर अर्धा दिवस असहाय असतो. पडदे कोण ओढतं? दाराला कुलूप कोण लावतं? बँकेत कोण जातं, घरफाळा कोण भरतं? माणसं. एवढी किल्ली हातात असून कथांमधली माणसं संप का करत नाहीत, हे मला कळत नाही. रस्त्यांच्या टोलविरुद्ध कोल्हापूरनं काही वर्षं रान उठवलं आणि तो घालवून दाखवला. या गावात रक्ताचा कर बसला असता तर पहिला मोर्चा बिंदू चौकातून निघाला असता, आणि अर्थातच दुपारी बारा वाजता.

मला कोल्हापुरात घडणारी व्हॅम्पायर कथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू?

राजापासून करू नका, वाड्यापासून तर नकोच. दिवसपाळीच्या कारकुनापासून करा. त्याच्याकडं वही आहे : नाव, पेठ, वजन, शेवटची तारीख. शिवाजी पेठेतल्या एका पैलवानाचं नाव सलग दोन महिने आलंय, म्हणजे कुणीतरी नियम मोडतंय. पैलवान अजून तालमीत जातो, पण जोर काढताना घेरी येते, आणि वस्ताद म्हणतो, खुराक कमी पडतोय. कारकुनाची स्वतःची बढती पुढच्या अमावास्येला ठरलेली आहे. त्यानं ही नोंद वर कळवायची, की तालमीत जाऊन वस्तादाला वही दाखवायची? तो काय करतो हे तुम्ही ठरवा. मी दोनदा लिहून बघितलं, दोन्ही वेळी तो वेगळं वागला.